उतरलेल्या सेलवरचं गाणं

बिरूरावांबद्दल लिहायला बसलो की हात आधी आदर, जिव्हाळा असल्या शब्दांकडे जातो. ते शब्द खोटे नाहीत, पण पहिले नाहीत. पहिला शब्द हेवा. या माणसावर मी सलग पाच वर्षं जळत होतो, आणि तेही कशावरून, तर इंग्रजी गाण्यांवरून. बिरूराव निरवांगीचे. कालव्याच्या चाऱ्यांवर फिरून पाण्याची दारं उघडणारे-बंद करणारे पाटकरी. शिक्षण सातवी. आणि मी त्यांचा साहेब, इंदापूरच्या कचेरीतला कनिष्ठ अभियंता.

ज्या बँडच्या गाण्यांवरून हे सगळं झालं, त्याचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की लोक लगेच मोबाईलवर काढून ऐकतात आणि ‘काय हो, एवढं काय आहे यात?’ म्हणून मलाच विचारतात. विलायतेतली पाच केसाळ माणसं होती, सत्तरच्या दशकात गाजलेली. त्यांचं एकेक गाणं पंधरा-वीस मिनिटांचं. मध्येच सगळं थांबायचं, ऑर्गन एकटा चालू राहायचा, मग ताल बदलून तिसरंच काहीतरी सुरू व्हायचं. याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात हे मला पुण्याच्या हॉस्टेलवर कळलं. तिथून मी त्यांच्या सात कॅसेटी भरून आणल्या होत्या. अख्ख्या इंदापूर तालुक्यात हे माहीत असलेला मी एकटाच, या समजुतीवर नोकरीची पहिली दोन वर्षं माझी फार सुखात गेली.

एका दुपारी कचेरीत कोणी नव्हतं म्हणून मी टेप लावून बसलो होतो. बिरूराव पाण्याच्या पाळीची वही घेऊन दारात येऊन उभे राहिले. उंच, काटक माणूस. डोक्याला लाल पटका, पायात करकर वाजणाऱ्या वहाणा. मला वाटलं सहीसाठी थांबलेत. म्हणून हात पुढे केला, तर वही त्यांनी काखेतच ठेवली आणि गाणं संपेपर्यंत, म्हणजे चांगली बारा मिनिटं, चौकटीला धरून उभे राहिले. मग म्हणाले, “सायब, ह्ये कुठल्या गावचं?”

“इंग्लंडचं,” मी म्हणालो.

“आमच्यात गजीला ढोल आसाच मधी थांबतो,” ते म्हणाले. “समदी पाय उचलून ऱ्हात्यात. आन् मग पडतो.” गजी म्हणजे धनगरांचं ढोलावरचं नाचणं. बिरूरावांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. नंतर रान आलं, ऊस आला आणि थोरला मुलगा म्हणून बिरूरावांना ही पाटकऱ्याची नोकरी लागली.

त्यांनी एक कॅसेट मागितली. मी सातातली सगळ्यात खराब निवडून दिली. दोन दिवसांत परत येईल असं धरून चाललो होतो. महिना झाला तरी आली नाही. मी हटकलं तेव्हा म्हणाले, “आजून आर्धीच झालीया.”

कारण त्यांचा नियम होता. एका दिवसात एक गाणं, तेही एकदाच, आणि आठ-दहा दिवस तेच. “जेवल्यावर परत ताट मागत्यात व्हय?” असं त्यांचं म्हणणं. मी दिवसातून चार-चार वेळा तेच गाणं लावणारा माणूस. मला हे बोलणं लागलं. तसं ते कोणालाच लावून बोललेले नव्हते, पण मला लागलं.

त्यांच्याकडे एक जुना टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेला, होता, कापडी पिशवीत घालून खांद्याला अडकवलेला. त्यात चार मोठे सेल लागत, आणि सेलांच्या बाबतीत बिरूराव पक्के चिक्कू होते. सेल उतरले की काढायचे, चारीच्या पुलाच्या कठड्यावर उन्हात ओळीनं वाळत घालायचे, संध्याकाळी परत भरायचे. तेवढ्यावर आणखी आठ दिवस निघायचे. पुलावर सेल वाळत दिसले की समजायचं, बिरूराव जवळपासच आहेत. शेतकरी पाण्याची वर्दी द्यायला तिथंच येऊन बसत.

देवमाणूस वगैरे मुळीच नव्हते. आपल्या एका एडक्याचं कौतुक सांगायला लागले की अर्धा तास थांबत नसत, आणि तो एडका दर वेळी थोडा मोठा होत असे. गाणं चालू असताना शिट्टी मारली म्हणून एका सोबतच्या पाटकऱ्याला त्यांनी चारीत ढकललं होतं. त्याची लेखी तक्रार माझ्याकडे आली. मी चौकशीला बोलावलं तर म्हणाले, “ढकलला. पाणी गुडघाभरच हुतं.” मी शेऱ्यात ‘पाणी गुडघाभर’ एवढंच लिहिलं.

गाण्यांची नावं त्यांना वाचता येत नव्हती. मी कॅसेटच्या कव्हरवर इंग्रजीत नीट लिहून दिलेली होती, पण त्यांनी आपली नावं ठेवली. एक लोहाराचं, एक आंधळ्या पाखराचं, एक नुसतंच ‘लांबडं’. सुरुवातीला मला याची गंमत वाटली. मग एके दिवशी ते ताजी कोथिंबीर द्यायला आमच्या क्वार्टरवर आले. टेप चालू होता. माझी बायको सुनंदा नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात. मी ही गाणी लावली की ती मिक्सर लावायची, हा आमच्या संसारातला चार वर्षांचा रिवाज. तिनं आतूनच विचारलं, “बिरूराव, तुम्हाला तरी यातलं काय कळतं हो?”

“कळत न्हाय, वैनीसायब,” ते म्हणाले. “पर घरात बाळंतीण झोपलीया आन् समदी हळू बोलाय लागल्यात, तसं हाय ह्ये. आता बगा, ती जागी हुतीया.”

आणि खरंच तिथं ऑर्गन वर चढला. सुनंदा हात पुसत बाहेर आली आणि गाणं संपेपर्यंत खुर्चीत बसून राहिली. पुढच्या रविवारी तिनं मला सांगितलं, “अहो, ते बाळंतिणीचं लावा ना.” चार वर्षांत तिनं माझ्याकडे एकही गाणं मागितलं नव्हतं. मी लावलं. पण त्या वीस मिनिटांत माझं लक्ष गाण्याकडे नव्हतं, तिच्या चेहऱ्याकडे होतं, आणि जे दिसत होतं ते मला आवडत नव्हतं.

याच सुमाराला बारामतीत आमचा कंपू जमला. सुहासचं औषधांचं दुकान होतं आणि दुकानाच्या वर राहायची जागा. तिथं त्याचा डबल डेक, कपाटाएवढे स्पीकर. दुसरे कदम सर, कॉलेजात इंग्रजी शिकवणारे. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही तिथं गाणी ऐकायला बसायचो. कॅसेटी माझ्या, माहिती माझी, कुठल्या साली कोण बँड सोडून गेला हे सांगणारा मीच. ते दोघं मान डोलावत. मला वाटायचं, आयुष्यात याहून जास्त काही नको.

बिरूरावांना तिथं नेलं ते मीच. खरं सांगायचं तर त्यांचं हसं व्हावं म्हणून नेलं. त्यांची थोरली बहीण कऱ्हाटीला दिलेली, तिच्याकडे जाता-येता ते बारामतीत थांबत. पहिल्या रविवारी ते खाली सतरंजीवर बसले, चहा बशीत ओतून प्यायले आणि दोन तास गप्प राहिले. निघताना कदम सरांनी कौतुकानं विचारलं, “काय बिरूराव, कसं वाटलं?”

“त्यो ढोल वाजवणारा गडी भांडून आलाय,” बिरूराव म्हणाले. “तिसऱ्या गाण्यापास्नं त्यो बाकीच्यांकडं बगत न्हाय.”

कदम सर हसले. मी हसू शकलो नाही, कारण तिसरं गाणं भरताना त्या ड्रमरचं बाकीच्यांशी भांडण झालं होतं आणि सगळी गाणी भरून होताच तो बँड सोडून गेला होता, आणि ही गोष्ट मी एका विलायती मासिकात वाचून, पुढच्या वेळी सांगायची म्हणून राखून ठेवली होती. तिथून पुढे सुहासनं बिरूरावांसाठी खुर्ची ठेवायला सुरुवात केली. कदम सर, इंग्रजीचे प्राध्यापक, माझ्यासमोर म्हणू लागले, “ते आंधळ्या पाखराचं लाव रे.” मला साल विचारणारं कोणी उरलं नाही.

आता त्या कॅसेटीबद्दल. दर वर्षी उन्हाळ्यात आम्ही एक नव्वद मिनिटांची कॅसेट भरायचो. प्रत्येकानं आपलं आवडतं एक गाणं मांडायचं, सगळ्यांनी ते ऐकायचं आणि मग मत द्यायचं. ज्याला जास्त मतं, ते ए बाजूला पहिलं. तो मान. बाकीची त्यामागं. मग त्याच्या प्रती काढून प्रत्येकाला एक. सलग तीन वर्षं पहिलं गाणं माझं होतं. बाहेरच्या माणसाला हे पोरकट वाटेल. मला नोकरीत बढती नव्हती, मित्र फार नव्हते, गाता-वाजवता येत नव्हतं. ए बाजूचं पहिलं गाणं माझं, एवढी एकच गोष्ट होती जिच्यात मी कुणाच्या तरी पुढे होतो.

चौथ्या वर्षी बिरूरावांनी ‘लांबडं’ मांडलं. मी दिलेल्या त्या खराब कॅसेटीतलं. माझ्याकडची चांगली प्रत मी सुहासच्या डेकवर लावली. दोन मिनिटं झाली आणि बिरूराव म्हणाले, “ह्ये न्हाय.”

“हेच आहे,” मी म्हणालो.

“न्हाय सायब. ही मानसं पळत्यात. आमची चालत्यात.”

मला क्षणात उलगडा झाला आणि इतका आनंद झाला की काय सांगू. त्यांचे ते उन्हात वाळवलेले सेल! उतरलेल्या सेलांवर टेपची मोटर हळू फिरते. गाणं लांबतं, आवाज पट्टीभर खाली जातो. मी सगळ्यांना शास्त्रशुद्ध समजावून सांगितलं. आणि शेवटी म्हणालो, “बिरूराव, चार वर्षं तुम्ही चुकीचं गाणं ऐकताय.”

बिरूराव ओशाळले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, “आसंल. पर मला त्येच आवडतंय.”

“पुढच्या वेळी तुमचा टेप घेऊन या,” सुहास म्हणाला. “ऐकू तरी.”

पुढच्या महिन्यात ते पिशवी घेऊन आले. टू-इन-वन टेबलावर ठेवला, झाकणावरची धूळ पटक्यानं पुसली आणि बटण दाबलं. ऑर्गन सुरू झाला तो जमिनीखालून आल्यासारखा. गाणाऱ्याचा आवाज, जो मला नेहमी जरा किरटा वाटायचा, तो म्हाताऱ्या माणसाचा झाला होता. मूळ गाण्यात ड्रम घाईनं घुसतात तिथं आता एवढी जागा राहिली होती, की पुढचा ठोका येईल की नाही याची काळजी वाटावी. इंग्लंडातल्या त्या पाच जणांना आपण काय करून ठेवलंय ते कळलं नव्हतं. ते निरवांगीच्या चारीवर, फुकट गेलेल्या सेलांवर, एका माणसानं ऐकलं होतं. गाणं संपल्यावर कदम सरांनी चष्मा काढून डोळे पुसले.

ते गाणं मी शेकडो वेळा ऐकलं होतं, आणि ते असं आहे हे मला माहीत नव्हतं. ते सुंदर होतं हे त्या खोलीत सगळ्यात जास्त मलाच कळलं असेल, आणि म्हणूनच मला ते सहन झालं नाही.

मत द्यायची वेळच आली नाही. सुहास म्हणाला, या वर्षी ए बाजूला पहिलं हेच, आणि असंच, बिरूरावांच्या टेपवरून भरून घेऊ. कदम सरांनी मान हलवली. पुढच्या महिन्यात रेकॉर्डिंग ठरलं. “त्या दिवसापावतर सेल बरोबर उतरवून आनतो,” बिरूराव म्हणाले. त्यांना त्याचं गणित ठाऊक होतं. किती दिवस वाळवायचे, किती वाजवायचे.

रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं, कारण वायरी जोडणं मलाच जमायचं. त्या रविवारी मी लवकर पोचलो. बिरूराव माझ्याही आधी आलेले. टेप टेबलावर. मला म्हणाले, “आज आगदी ठेपंला आल्यात बगा. पंधरा दीस लागलं.” मग आईचं पोटाचं औषध घ्यायला सुहासबरोबर खाली दुकानात गेले. कदम सर यायचे होते. खोलीत मी एकटा.

माझ्या पिशवीत चार नवे सेल होते. ते मी आदल्या दिवशी इंदापूरच्या बाजारातून घेतले होते. म्हणजे मोह झाला, हातून घडून गेलं, असलं काही मी म्हणू शकत नाही. आदल्या रात्री शांत झोपलो होतो. मी टेपचं मागचं झाकण काढलं, त्यांचे चार सेल बाहेर काढून मागच्या गॅलरीतून खालच्या उघड्या गटारात टाकले, नवे बसवले आणि झाकण लावलं. मिनिटभराचं काम. मग वायरी जोडत बसलो.

सगळे आल्यावर बिरूरावांनी बटण दाबलं. गाणं पळत सुटलं. कंपनीनं भरलं होतं तसंच, अगदी बरोबर.

ते माझ्याकडे बघत राहिले नाहीत. एकदाच पाहिलं, मग टेपवर हात ठेवला. मी घाईघाईनं म्हणालो, “उतरलेल्या सेलवर रेकॉर्डिंगला खरखर येते, म्हणून मी नवे घातले. माझ्याकडून तुम्हाला.” खरखर वगैरे काही येत नाही. खोलीतल्या कोणाला ते कळणार नाही, एवढ्या भरवशावर मी बोललो.

“आणि जुने?” सुहासनं विचारलं.

“टाकले.”

कदम सर चिडले. “अरे, काय हे! मग पुढच्या महिन्यात करू. बिरूराव, पुन्हा उतरवाल ना?”

बिरूरावांनी टेप बंद केला. वायर सोडवून नीट गुंडाळून माझ्या हातात दिली. “सायबांनी माझ्यापायी खरच केला,” ते म्हणाले. “नवं सेल म्हागाचं आस्त्यात. आता सायबांचंच गानं घ्या पयलं. माजं मत त्येला.”

“अहो, पण तुमचं?” सुहास म्हणाला.

“माजं हाय की माज्यापाशी.”

ते रागानं बोलले असते तर मी भांडलो असतो, कदाचित कबूलही केलं असतं. पण त्यांनी चहा घेतला, बशी विसळून ठेवली, कऱ्हाटीच्या गाडीची वेळ विचारली आणि टेप पिशवीत घालून जिना उतरले. ए बाजूला पहिलं गाणं माझं भरलं गेलं. मतं तीन पडली, त्यात एक बिरूरावांचं. कदम सरांनी मत दिलं नाही. त्यांना काय वाटलं होतं कोण जाणे, पण पुढच्या महिन्यात ते आले नाहीत. बिरूरावही परत आले नाहीत. सुहास मला दर वेळी त्यांची चौकशी करायचा. मी म्हणायचो, पाण्याच्या पाळ्या चालू आहेत, सवड नसेल. मग आमचं बसणंच बंद पडलं.

कचेरीत ते मला भेटत होतेच. वही आणत, सही घेत. एडक्याचं सांगत. सुनंदाची चौकशी करत, “वैनीसायब बऱ्या हायत ना?” म्हणून. कोथिंबीरही यायची. त्यांच्या वागण्यात तसूभर फरक नव्हता, आणि मला तो फरक हवा होता. सुनंदानं दोन-तीनदा विचारलं, “बिरूराव हल्ली बसत का नाहीत हो?” मी म्हणालो, “मोठे झालेत आता.” ती मिक्सरकडे गेली.

वर्षभरानं माझी बदली झाली. चार्ज देण्याआधी शेवटची पाहणी म्हणून मी जीप घेऊन चारीच्या टोकापर्यंत गेलो. पाहणी हे निमित्त होतं. मला ते गाणं एकदा ऐकायचं होतं. मागायला तोंड नव्हतं, पण वाटेत बिरूराव भेटले आणि टेप चालू असला तर उभं राहून ऐकता येईल, एवढाच माझा हिशोब होता. दुपार टळून गेली होती. दुरून बिरूराव पुलाच्या कठड्यावर बसलेले दिसले, शेजारी टेप. मी ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला सांगितलं. काचा खाली होत्या, वारा आमच्या बाजूला होता, आणि त्या वाऱ्यावर ऑर्गनचा तो जमिनीखालचा आवाज मला ऐकू आला. दोन सूर, फार तर तीन.

जीप दिसली आणि बिरूरावांनी बटण दाबलं. टेप बंद केला, पिशवीत घातला, पिशवी खांद्याला अडकवली आणि उठून उभे राहिले.

“रामराम सायब. बदली झाली म्हनं. चांगलं झालं.”

मी खाली उतरलो. आम्ही दार पाहिलं, पाण्याची पातळी पाहिली. टोकाच्या चार शेतकऱ्यांना पाणी कमी पडतंय, नव्या साहेबांना सांगून ठेवा, असं ते म्हणाले. मी हो म्हणालो. तरी मी उगाच उभा राहिलो. पिशवीकडे माझी नजर गेलेली त्यांनी पाहिली.

शेवटी मीच म्हणालो, “बिरूराव, ते लांबडं...”

“व्हय,” ते म्हणाले. आणि थांबले. मी पुढचं बोलण्याची ते वाट पाहत होते. खरंच पाहत होते, नुसतं सभ्यपणानं नव्हे. गटार, सेल, इंदापूरचा बाजार, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं.

“काही नाही,” मी म्हणालो. “येतो मी.”

जीप शे-दीडशे हात गेल्यावर मी ड्रायव्हरला थांबवलं, इंजिन बंद करायला लावलं आणि कान देऊन बसलो. नुसतं पाणी वाहत होतं. मागे वळून पाहिलं तर बिरूराव तसेच पुलावर उभे होते, एक हात पिशवीवर. ते मी जाण्याची वाट बघत होते. ड्रायव्हर म्हणाला, “साहेब, निघायचं का?” मी बराच वेळ उत्तर दिलं नाही, आणि तेवढा सगळा वेळ ते तिथं उभे राहिले.